तुपलं पोतं इथंच ऱ्हायलं

सोनाजीबुवा गावाकडून आले तेव्हा त्यांच्या एका खांद्यावर घोंगडी होती आणि काखेत मेंढीचं कोकरू. पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीत लोक कुत्र्याला स्वेटर घालून फिरवतात, पण कोकरू म्हटल्यावर सगळ्यांना एकदम स्वच्छता आठवली. समोरच्या द्वारकाबाईंनी तर नाकाला पदर लावला. त्यांची मांजर रोज माझ्या गिरणीत येऊन घाण करते, पण ते खातं वेगळं.

माझी पिठाची गिरणी रामप्रसादच्या घराला लागून आहे, म्हणून त्या घरातलं बरंचसं मला न विचारता कळतं. रामप्रसाद वाळूजच्या कारखान्यात शिफ्टवर. बायको सुकेशनी औरंगपुऱ्यात साड्यांच्या दुकानात. एकच मुलगी, संस्कृती, पहिलीतली. पोरीला सांभाळायला म्हातारा-म्हातारीला बोलावलं, असं सुकेशनी सांगायची. आईबापाला सांभाळायला आणलं, असं रामप्रसाद सांगायचा. दोन्ही खरं होतं. ज्याला जे शोभत होतं ते त्यानं उचललं होतं.

सोनाजीबुवांचा जन्म मेंढरांमागं गेलेला. गुडघे गेले तशी मेंढरं विकली. हे एक बिनआईचं पिल्लू तेवढं राहिलं.

"हिला का नाही विकलं, आबा?" मी विचारलं.

"काट्यावं ठिवली तर काटाच हालंना की रं बद्री. घेणारा म्हणला, घोंगडीला बी बस म्हणा तिच्यासंगट."

पिल्लाचा रंग धुरकट, म्हणून नाव भुरी. गच्चीवरच्या खोलीत तिचा मुक्काम. खाली अंथरायला माझ्याकडचं रिकामं पोतं नेलं होतं, आणि त्या पोत्यावरून संस्कृतीचं तिच्याशी भांडण चालायचं. पोर पोतं पांघरायला घालायची, भुरी ते खाली ओढून चघळायची. शाळेतून आली की दप्तर जिन्यावर टाकून ही वर. बाटलीनं दूध पाजायचं, मग तिच्या गळ्यात हात टाकून शाळेतल्या सगळ्यांच्या चहाड्या सांगायच्या. तेही आजीच्या, बानाबाईच्या बोलीत. तिच्या जिभेवर 'संस्कृती' हे नाव कधी बसलंच नाही, ती 'सक्रू' म्हणायची, आणि सक्रू दिवाळीपर्यंत 'माझं-तुझं' सोडून 'मपलं-तुपलं' अशी बोलायला लागली की शाळेच्या बाईंनी डायरीत 'घरी प्रमाण भाषा बोलावी' असं लिहून पाठवलं. सुकेशनीनं ते वाचलं, सही केली, आणि सासूसमोर धरलं. बानाबाईला वाचता येत नव्हतं, तिनं डायरीवरची फुलं बघून "झ्याक हाय" म्हटलं.

थंडीत गल्लीत एक वास्तुशांत झाली. उरलेला भात आणि जिलेबी कुणीतरी प्रेमानं भुरीला भरपूर घातली. कुणी घातली ते मला ठाऊक आहे. नाकाला पदर लावणाऱ्या बाईलाच शेवटी तिचा लळा लागला होता, म्हणून नाव घेत नाही. सकाळपर्यंत पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि ते गेलं.

आता यापुढचं समजायला एक गोष्ट सांगायला हवी. बानाबाईच्या माहेरी-सासरी मयताला बायका हेल काढून रडतात. एक बाई गेलेल्याला हाक मारून एक ओळ लांबवते, तिचा दम संपला की दुसरी उचलते. नुसतं रडणं नसतं ते. गेलेल्या माणसाचं काय काय मागं राहिलं, ते त्यात त्यालाच सांगतात. तुझी काठी दारात हाय, तुझ्या ताटात कोण बसंल, असं. त्याच वर्षी बानाबाईची बहीण वारली तेव्हा संस्कृती आजीच्या मांडीवर बसून हे सगळं बघून आली होती. तिला वाटलं, मेल्यावर असंच करायचं असतं. चुकीचं काय वाटलं?

तर रविवारच्या सकाळी ही सहा वर्षांची पोर डोक्यावरून टॉवेलाचा पदर घेऊन भुरीजवळ बसली आणि तिनं हेल काढला.

"आगं माझ्या भुरेऽऽ, तुला बाटली कोण पाजील गंऽऽ... म्या शाळंतून येऊन कुणाला सांगू गंऽऽ... तिकडं लई थंडी हाय गं माझे बायेऽऽ, तुपलं पोतं इथंच ऱ्हायलं गंऽऽ..."

शब्द आजीचे, दुःख तिचं स्वतःचं. बानाबाई जिन्यात होती, ती तिथंच खाली बसली आणि तिनं पुढची ओळ उचलली. सुट्टी म्हणून सुकेशनी घरी होती. आवाज ऐकून धावत वर आली, बघते तर एवढीशी म्हातारी! तिला आलं हसू, आणि हसू आल्यावर आजकाल हात कुठं जातो ते सगळ्यांना माहीत आहे.

तिनं तो व्हिडिओ फक्त माहेरच्या ग्रुपवर टाकला. 'बघा आमची छोटी आजी'. तिचा भाऊ गोकुळ, क्रांती चौकाजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि फावल्या वेळात एक विनोदी पेज. त्यानं तो फक्त उचलून पेजवर टाकला. कुठल्याशा डीजेवाल्यानं त्याला फक्त ठेका जोडला. लोकांनी फक्त पुढं पाठवला. प्रत्येकानं एवढंसंच केलं, बेरीज तेवढी पोरीच्या नावावर पडली. पीठ न्यायला येणाऱ्या बायांनी मलाही दाखवला आणि मीही हसलो. त्यात नवल नव्हतं, ते बनवलंच होतं तसं. पोर दिसायची, मेलेलं पिल्लू दिसायचं नाही. गोकुळनं खालचा भाग कापला होता.

आठवडाभरात 'पोतं इथंच ऱ्हायलं गं' हे शहराच्या तोंडी झालं. रिक्षावाला सुट्टे देताना म्हणायचा. शाळेच्या व्हॅनमधली पोरं संस्कृती चढली की कोरसमध्ये म्हणायची. लग्नाच्या वरातीत त्यावर माणसं नाचली. सुरुवातीला तिला वाटलं, सगळ्यांना भुरीचं वाईट वाटलं. तिनं मला येऊन सांगितलं, "बद्रीकाका, आमच्या भुरीसाठी समदे रडायलेत. नाचून नाचून रडायलेत."

मग गोकुळच्या एका दोस्तानं औरंगपुऱ्यात मोबाइलचं दुकान उघडलं आणि फीत कापायला 'पोतंवाली पोर' बोलावली. सुकेशनी जरा कां-कूं करत होती. गोकुळ म्हणाला, "ताई, आपली पोरगी स्टार झालीय आन् तू काय घाबरायलीस? लोकं पोरांना नाचायला शिकवतात, आपली रडून पुढं गेली." सोनाजीबुवा मला म्हणाले, "बद्री, तुझ्या गाडीवर मला बी घे. सत्कार हाय म्हणत्यात."

गेलो. दुकानासमोर मांडव, मोठाले स्पीकर, गर्दी. पोरीला नववारी नेसवलेली. समोर कापसाचं खोटं कोकरू ठेवलेलं आणि त्याच्याजवळ घडी घातलेलं कोरं पोतं. माइकवाला ओरडला, "म्हण बेटा!" गर्दीतले फोन वर गेले. संस्कृतीनं त्या कापसाकडं बघितलं.

"ही भुरी नाय," ती माइकमध्ये म्हणाली.

लोक खो खो हसले.

"भुरी मेली. हिला कामून आणलं?"

त्याहून मोठं हसू. मागून कुणीतरी तिचंच रडणं स्पीकरवर लावलं, ठेक्यासकट. पोरीनं स्वतःचा आवाज ऐकला, समोर नाचणारी माणसं बघितली, आणि मला वाटतं त्या वेळी तिचा सगळा हिशेब लागला. ही माणसं भुरीसाठी आलेली नव्हती. तिचा चेहरा हळूहळू बंद होत गेला.

सोनाजीबुवा गुडघ्यावर हात देत स्टेजवर चढले. खांद्यावरची घोंगडी काढली आणि पोर तिच्यात गुंडाळली.

"आबा, दोन मिनिटं थांबा की," गोकुळ खालून म्हणाला. "पब्लिक आलंय."

"कुणाच्या मयताला आलंय रं पब्लिक?" म्हातारा म्हणाला, आणि नातीला घेऊन उतरला. तेही कुणीतरी फोनवर काढलंच.

घरी आल्यावर आबांनी एकच धरलं. "काढून टाक."

गोकुळनं त्यांच्यासमोर व्हिडिओ पेजवरून काढला. मन वाईट नव्हतं पोराचं, नुसतं हलकं होतं. "घ्या, काढला. पण आबा, माझ्यावरून काढून काय होतंय? आता लोकांच्या फोनात गेलाय तो."

"मंग लोकांला सांग."

"किती लोकांला सांगू?"

"जितक्यांला दावला तितक्यांला."

रामप्रसाद जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून एकेक पेज शोधायचा, तक्रार टाकायचा. काही ठिकाणचा गेला. गेला तसा नव्या नावानं परत आला. सुकेशनी दळण घेऊन आली की डोळे चुकवायची. एकदा आपणहून बोलली, "काका, मी कौतुकानंच काढला होता हो. आईच होते ना मी." मी म्हटलं, "व्हय." दुसरं काय म्हणणार? कौतुक खरं होतं, ते मी तिच्या बाजूला जमा धरलं. पण त्यानं पोरीच्या बाजूला काही फिटत नव्हतं.

तिकडं पोरीनं रडणं सोडलं.

पहिल्यांदा मी बघितलं ते गिरणीच्या पायरीवर. धावत येताना पडली, गुडघा फुटला, रक्त आलं. तोंड वाकडं झालं, ओठ थरथरले, आणि तिनं मान वर करून आधी इकडंतिकडं बघितलं. कुणाच्या हातात फोन आहे का ते. पायरीवर एक बाई नुसती फोनवर बोलत बसली होती. तिला बघून ही रक्ताळलेल्या गुडघ्यानिशी हसली. फोटोला हसतात तशी.

बोलीही गेली. "मला लागलं नाही," "मला नको आहे," असं शाळेतलं बोलायला लागली. शाळेच्या बाई खूश. बानाबाई हाक मारायची, "सक्रू, ये गं माय, यीणी घालती," तर ही "आले हं, आजी" म्हणायची, आणि म्हातारी पाहुण्याच्या पोरीची घालावी तशी जपून तिची वेणी घालायची.

एक सवय मात्र नवी लागली. दळणाचा डबा घेऊन ती यायची आणि दळण झालं तरी जायची नाही. गिरणी चालू असली की आत पोत्यांच्या थप्पीपाशी जाऊन उभी राहायची. पट्ट्याच्या जाळीजवळ जाऊ नको म्हणून मी दटावायचो, तर तिथून हलायची नाही, तोंड भिंतीकडं करायची. ओठ हलताना दिसायचे. पाढे म्हणत असेल, मला वाटायचं. गिरणीच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथं तिचे पाढे कुठले ऐकू येणार?

सोनाजीबुवांना उन्हाळ्यात दम लागायला लागला. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, औषधं वाढवली, जिने चढू नका म्हणून सांगितलं. तरी म्हातारा चढायचा. एका संध्याकाळी माझ्याजवळ बसून म्हणाला, "बद्री, मेंढरू सुदिक पिल्लू मेलं की वरडतंय. दोन दिस वरडतंय, मग चारा खातंय. नाय वरडलं तर दूध आटतंय त्याचं. ही पोरगी वरडतच नाय."

"लहान आहे आबा. विसरंल."

"इसरली आसती तर रडली नसती का? पडली तरी रडत नाय. म्या आज गच्चीवं म्हणलं, चल, आपुन दोघं भुरीला रडू. म्या सुरू केलं. तिनं माझ्या तोंडावं हात ठिवला. म्हणली, आबा, हळू. कुणी तरी काढंल."

त्यानं खांद्यावरची घोंगडी काढून मांडीवर घेतली.

"म्या हाय तवर रडली पायजे. म्या गेल्यावं मंग कुणाम्होरं रडंल ती? मलाच रडायचं ऱ्हाऊन जाईल तिचं."

म्हाताऱ्याला तेवढी सवड मिळाली नाही. एका रात्री जेवून खाटेवर पडला, बानाबाईला "पाणी दे" म्हणाला, आणि तिनं तांब्या आणेपर्यंत संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाव जमलं. गल्लीत मयत असलं की मी गिरणी बंद ठेवतो, माझ्या बापापासूनची रीत आहे. त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. अंगणात तिरडी बांधून आबांना तिच्यावर निजवलं होतं. बाया आत-बाहेर दाटल्या होत्या. बानाबाईनं आबांच्या पायावर डोकं ठेवलं आणि हेल काढला.

"आवं माझ्या धन्याऽऽ, तुमची खाट..."

तिथंच आवाज तुटला. संस्कृतीनं दोन्ही हातांनी आजीचं तोंड दाबून धरलं होतं. "आजी, नको ना. आजी, हळू." तिचे डोळे गर्दीवरून फिरत होते. गर्दीतून कुजबुज आलीच, "हीच का गं ती? पोतंवाली?" आणि मागं एका पोरसवदा पाहुण्याचा हात छातीपर्यंत वर आला, हातात फोन. तो वेळ बघत असेल कदाचित. सांगता येत नाही, आणि आता कुणी विचारतही नाही.

सुकेशनी उठली. स्वयंपाकघरातून कणीक मळायची मोठी परात घेऊन आली आणि एकेकासमोर धरायला लागली.

"फोन टाका."

"अगं पण..."

"टाका, मामी. माझ्या सासऱ्याची आण आहे."

टाकले लोकांनी. मयताच्या घरी वाद कोण घालणार? द्वारकाबाई म्हणाल्या, "माझा साधाच आहे गं, बटनाचा. त्यात काय निघतंय?"

"टाका."

गोकुळनं एक टाकला. बहीण हलली नाही. "दुसरा?" मान खाली घालून त्यानं मागच्या खिशातला दुसरा काढला. शेवटी तिनं स्वतःचा टाकला, सगळ्यांच्या वर. परात आत नेऊन ठेवली, दार ओढून कडी लावली, आणि पोरीसमोर गुडघ्यावर बसली.

"बघ, सगळे घेतले. माझाबी घेतला. आता रड, बाळा. आबा गेले आपले."

पोरीनं आईकडं बघितलं. मग सगळ्यांकडं बघितलं. आत परातीत कुठला तरी फोन वाजायला लागला. एवढी मोठी माणसं, एवढी शांतता, आणि सगळ्यांची नजर तिच्यावर: आता रडंल, आता रडंल. ज्यांना रडायचं होतं तेही तिचं बघायला थांबले होते. फोन काढून घेतले तरी डोळे तर तेच होते ना.

ती उठली, आत गेली आणि आबांची घोंगडी ओढत घेऊन आली. तिच्या अंगापेक्षा जड. तिरडीवर आबांच्या पायापासून छातीपर्यंत तिनं ती नीट घातली, कडा आत खोचल्या. भुरीला पोतं घालायची तशाच. भर उन्हाळ्याची दुपार होती. पोत्याची ती ओळ तिथल्या प्रत्येकाच्या डोक्यात आली होती, मी पैजेवर सांगतो. कुणाची हिंमत झाली नाही. ती जिची होती त्या पोरीनं ओठ घट्ट मिटले होते.

पुरुष माणसं आबांना घेऊन गेली. परत आल्यावर अंघोळीला पाणी लागतं, ते तापवायला रामप्रसादनं मला मागं ठेवलं होतं. मी गिरणीच्या पायरीशी चूल मांडून बसलो होतो. समोर छोट्या चपला येऊन थांबल्या.

"बद्रीकाका, गिरणी चालू करा ना."

"आज नाय करत, बाळा. आबा गेले ना आपले. आज बंद असती."

"रिकामीच करा."

"रिकामी कशाला गं?"

ती शटरच्या फटीतून आत पोत्यांच्या थप्पीकडं बघत राहिली, तोंड भिंतीकडं करून ती उभी राहायची त्या जागेकडं. तेव्हा मला कळलं की ती पाढे म्हणत नव्हती.

मी उठलो. शटर वर केलं, बटण दाबलं. पट्टा फडफडला, पाटे एकमेकांवर घासायला लागले आणि गिरणीचा आवाज गल्लीभर भरला. ती वाकून आत गेली. मी शटर अर्ध्यावर ओढलं आणि त्याला पाठ लावून, तोंड रस्त्याकडं करून पायरीवर बसलो.

द्वारकाबाई तरातरा आल्या. हातवारे बघूनच कळत होतं काय म्हणत असतील: गल्लीत मयत आणि तू दळतोस? मी शटरजवळच्या चपला दाखवल्या. बाई थांबल्या. मग माझ्याशेजारी पायरीवर बसल्या, त्याही रस्त्याकडं तोंड करून. जरा वेळानं बानाबाई भिंतीला धरत धरत आली. मी बाजूला सरकलो. ती वाकून आत गेली. सुकेशनीही आली, पण ती बाहेरच उभी राहिली, शटरवर तळहात ठेवून. तो पत्रा गिरणीनं नुसता थरथरत होता, त्यातून तिला दुसरं काही कळत असेल असं मला वाटत नाही.

रिकामी गिरणी चालवली की पाटे झिजतात, गरम होतात. दगड जळाल्याचा वास सुटला. चुलीवरचं पाणी उकळून गेलं. कोपऱ्यावर पुरुष माणसं परतताना दिसायला लागली, रामप्रसाद पुढं, डोकं उघडं. त्यानं लांबूनच मला हातानं विचारलं, हे काय?

मी बंद केली नाही. ज्या पोरीनं चालू करायला सांगितलं होतं, ती अजून बाहेर आली नव्हती.